बिडाची यंत्रे, बीडची माणसे

हातकणंगले हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात जितक्यांनी वाचले असेल, तितक्यांनी ते गाव पाहिलेले नसते. इचलकरंजीला रेल्वे नाही, म्हणून इचलकरंजीचे लोक इथे उतरतात आणि लगेच पुढची गाडी धरतात. तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी खेटे घालणारे येतात आणि काम झाले की चहा पिऊन परत जातात. मुद्दाम हातकणंगले पाहायला म्हणून कोणी येत नाही. आम्ही गेलो.

उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा, या दोन नद्यांच्या मधला हा तालुका. पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून बाकी सगळे आहे : साखर कारखाने, गुऱ्हाळे, ट्रॅक्टरची दुकाने, लेथ मशीनच्या शेड, वेल्डिंगचा निळा उजेड. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. आजही कोल्हापूर येण्याच्या जरा आधी एका छोट्या स्टेशनचे नाव ‘गूळ मार्केट’ असे आहे. स्टेशनला गुळाचे नाव असलेले दुसरे गाव आमच्या तरी पाहण्यात नाही.

वाचकहो, प्रवासवर्णन म्हटले की आपल्याला महाबळेश्वर, काश्मीर किंवा उमऱ्याची सफर आठवते. आमची सफर जुनी शेतीयंत्रे पाहण्याची होती. कारण घरातच होते. आमच्या बारा वर्षांच्या मुलाला हार्वेस्टरचे वेड लागले आहे. हार्वेस्टर म्हणजे पीक कापून, मळून, दाणे वेगळे करून देणारे अजस्र यंत्र. त्यातही त्याला नवी चकचकीत यंत्रे नकोत, जुनी हवीत. इंग्लंडातल्या डॉर्सेटमध्ये १९६९ पासून वाफेच्या जुन्या इंजिनांची जत्रा भरू लागली. तिथे म्हातारी माणसे आजोबांच्या काळची मळणीयंत्रे घासूनपुसून चालू करून दाखवत. असे काही त्याने मोबाइलवर पाहिले आणि आम्हाला विचारले, “आपल्याकडे असं काही आहे का?” आपल्याकडे जत्रा नाही. पण त्याचे मामू हातकणंगल्यापासून पाच-सहा किलोमीटरवर एका खेड्यात राहतात. ते म्हणाले, “जत्रा कशाला? इकडं या. शंभर वर्षांची यंत्रं एकाच रस्त्यावर दाखवतो. फक्त रमजानच्या आधी या, ऊस संपायच्या आत.” म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही तिघे निघालो.

पहिले यंत्र ठरवून पाहिले नाही, वाटेत भेटले. सांगली रस्त्याच्या कडेला, एका ढाब्याशेजारी, पंजाबची नंबरप्लेट असलेला एक हार्वेस्टर उभा होता. पुढचा कापणीचा भाग काढून मागे ट्रॉलीवर आडवा बांधलेला. रस्त्यावरून जाताना तो भाग काढावाच लागतो, नाहीतर समोरची गाडी कुठून जाणार? पट्टा तुटला म्हणून थांबले होते. ड्रायव्हर, एक मदतनीस आणि स्वयंपाक करणारा एक पोरगा, असा तिघांचा संसार त्या यंत्राबरोबर फिरतो. दक्षिणेकडे गहू आधी पिकतो, उत्तरेकडे नंतर. पिकाच्या मागोमाग हे लोक वर सरकत जातात आणि एप्रिलमध्ये बैसाखीच्या सुमारास आपल्या गावी पोहोचतात, तेव्हा त्यांच्या घरचा गहू कापणीला आलेला असतो. पतियाळा जिल्ह्यातली नाभा आणि भादसों ही गावे या यंत्रांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. १९७० च्या आसपास पंजाबात कंबाइन दिसू लागले आणि १९८० मध्ये ‘स्वराज’ने देशात आपले कंबाइन बाजारात आणले. या यंत्रांत बहुतेक वेळा अशोक लेलँडच्या ट्रकचे इंजिन असते, त्यामुळे कुठल्याही हमरस्त्यावर ते दुरुस्त होते. परदेशी नकलेत आपल्या लोकांनी घातलेली ही अक्कल आम्हाला फार आवडली.

ड्रायव्हर दिलदार होता. त्याने मुलाला वर चढवले आणि आतले सगळे दाखवले. पुढे फिरणारे मोठे चक्र पीक आत ओढते, दातेरी पाते बुडखा कापते, आतला ड्रम कणसे झोडतो, चाळण्या हलतात आणि खालून पंखा भूस उडवतो. दाणे टाकीत, काड मागे. ‘कंबाइन’ म्हणजे एकत्र केलेले : कापणी, मळणी आणि उफणणी.

संध्याकाळी नानीला हे सांगितले तेव्हा ती हसली. नानीचे वय ऐंशीच्या घरात. ती म्हणाली, “ह्यात नवं काय? आमच्या खळ्यावर ह्येच चालायचं. फक्त महिनाभर चालायचं.” मग तिने मुलाला खळे समजावून सांगितले. जमीन चोपून, शेणाने सारवून गोल अंगण करायचे. मधोमध मेढ रोवायची. कणसे पसरायची आणि मेढीला बांधलेली बैलांची पात गोल गोल फिरवायची. वारा सुटला की उंचावर उभे राहून सुपातून धान्य सोडायचे, भूस उडून जाते, दाणे पायाशी पडतात. खळ्यावर चप्पल घालून कोणी जायचे नाही. आणि रास झाली की मालकाने घरी नेण्याआधी बलुतेदारांचे वाटे निघायचे. सुतार, लोहार, चांभार, आणि आपला मुलाणी.

आमच्या आजोळी मुलाणकी होती. नानीच्या सासऱ्यांना सुगीत खळ्याखळ्यावरून धान्य मिळे. ते भीक म्हणून नव्हे, वर्षभराच्या कामाचा हक्क म्हणून. कापून नेलेल्या शेतात सरवा वेचायला गोरगरीब बाया येत, त्यांनाही कोणी हटकत नसे. कापणीच्या दिवशीच पिकातला हक्क देऊन टाकावा हे आपल्याला कुरआनने शिकवले आहे, पावसाच्या पिकावर दहावा हिस्सा आणि विकतच्या किंवा ओढलेल्या पाण्याच्या पिकावर विसावा हिस्सा असा उश्रचा हिशेबही आपल्या घरांत माहीत असतो. पण खळे होते तेव्हा तो हक्क मागणारा माणूस डोळ्यांसमोर उभा असे. हार्वेस्टर एका तासात एकराच्या आसपास शेत मोकळे करून रस्त्याला लागतो. वेचायला सरवा फारसा राहत नाही, आणि वाटा मागायला खळेच नाही. नानीने तक्रार केली नाही, उलट म्हणाली, “बरं झालं बाई. भुसानं डोळं जायचं आमचं.”

मुलाच्या वेडापायी आम्हीही या यंत्राचा इतिहास धुंडाळला होता, तो त्या रात्री अंगणात बसून सगळ्यांना सांगितला. हिरम मूर नावाच्या अमेरिकन माणसाने १८३६ मध्ये मिशिगनमध्ये कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते ओढायला घोड्यांचा ताफा लागे. पुढे कॅलिफोर्नियात तीस-तीस, चाळीस-चाळीस घोडे-खेचरे जुंपलेली कंबाइन धावू लागली. ती बनवणाऱ्या होल्ट कंपनीतूनच पुढे १९२५ मध्ये आजची कॅटरपिलर कंपनी उभी राहिली, जिची पिवळी यंत्रे आपण रस्त्याच्या कामावर पाहतो. स्वतःच्या इंजिनावर चालणारे आणि बाजारात खपलेले कंबाइन मॅसी-हॅरिस कंपनीने १९३८ मध्ये आणले. दुसऱ्या महायुद्धात माणसे आघाडीवर गेली तेव्हा, १९४४ मध्ये, अशा पाचशे यंत्रांची फौजच अमेरिकेत दक्षिणेकडून उत्तरेकडे गहू कापत निघाली होती. पंजाबचे ड्रायव्हर आज तेच करतात, फौजेचे नाव न घेता.

पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ऑस्ट्रेलियाची गोष्ट. ह्यू व्हिक्टर मॅके नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने १८८४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, घरच्या शेतावर जुन्या भागांची जुळवाजुळव करून हार्वेस्टर बनवला. त्याचा ‘सनशाइन’ हार्वेस्टर इतका खपला की कारखान्याच्या गावाचे नावच सनशाइन पडले. १९०७ मध्ये प्रश्न निघाला की हा कारखाना मजुरांना रास्त वेतन देतो का. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी यंत्राची किंमत विचारात घेतली नाही. त्यांनी विचारले की मजूर, त्याची बायको आणि तीन मुले यांना माणसासारखे राहायला किती लागते. घरभाडे, किराणा, सरपण असा हिशेब करून त्यांनी दिवसाला सात शिलिंग ही रक्कम ठरवली. ज्या कायद्याखाली हा निकाल झाला तो पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टात टिकला नाही, पण मापदंड टिकला. ऑस्ट्रेलियात त्याला आजही ‘हार्वेस्टर निकाल’ म्हणतात. मामूंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “उद्या उसाच्या फडात जाऊ, तिथं हीच गोष्ट परत सांगा.”

फडात जाण्याआधी मिस्त्रीचाचांची शेड.

चाचा सत्तरीचे. उजव्या हाताची दोन बोटे अर्धी. चरकात ऊस घालताना पोरवयात गेली. हे त्यांनी दुःखाने सांगितले नाही, ‘मी कोणत्या शाळेत शिकलो’ अशा थाटात सांगितले. शेडच्या मागे, शेवरीच्या झाडाखाली, उसाचा जुना चरक पडला आहे : तीन उभे लोखंडी लाट, वर दांडी बसवायची खोबण. दांडीला बैल जुंपायचे, ते फिरले की लाट फिरायचे आणि एक माणूस खाली बसून मधल्या फटीत ऊस सरकवायचा. बैलांना माणसाचा हात कुठे आहे ते दिसत नाही.

या चरकाचा इतिहास चाचांना तोंडपाठ नव्हता, पण वंशावळ माहीत होती. आधी दगडी आणि लाकडी घाणे होते. त्यांत बराच रस चिपाडातच राही. १८७० च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न या दोन इंग्रजांनी लोखंडी लाटांचा छोटा चरक काढला आणि तो उत्तर हिंदुस्थानभर पसरला. आपल्या भागात हे काम केले लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावात त्यांनी कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रे बाहेर पडू लागली. मिरजेहून पुण्याला जाताना ते स्टेशन लागते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून नांगराचे फाळ झाले. चाचा म्हणाले, “म्हणजे हा चरक कुणाच्या तोफेचा असंल सांगता येत नाही.” आणि खूप वेळ हसले.

चरकापेक्षा चाचांचा जीव आतल्या इंजिनावर आहे. आडव्या सिलिंडरचे, दोन मोठ्या चाकांचे, ‘रस्टन अँड हॉर्नस्बी, लिंकन, इंग्लंड’ अशी पितळी पाटी असलेले. लिंकनचा हाच कारखाना एके काळी मळणीयंत्रेही बनवत असे, म्हणजे मुलाच्या हार्वेस्टरचे हे लांबचे नातलग. हे इंजिन एका गुऱ्हाळावर होते. बैलांच्या जागी ते आले आणि चरकाचे उभे लाट आडवे झाले. नंतर विजेची मोटर आली, इंजिन विहिरीवर गेले. विहिरीवरही मोटर बसली तेव्हा ते चाचांनी उचलून आणले. या भागात इंग्लिश इंजिनांच्या पाठोपाठ सातारा रोडची कूपर आली, पुण्याची किर्लोस्कर आली, आणि कोल्हापूरच्या कारागिरांनी पाहून, उघडून, मोजून स्वतःची इंजिने बनवली. म्हादबा मेस्त्रींचे नाव कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून आदराने घेतात. शाळेत न गेलेल्या माणसांनी ओतकामाचे साचे बनवले, त्यातून आजचा कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग उभा राहिला. चाचांचे अब्बाही त्यातलेच एक छोटे कारागीर, आधी शिकलगारी, मग लेथ.

“चालू होतं का?” मुलाने विचारले.

चाचांनी उत्तर दिले नाही. त्यांनी टाकीत पाणी बघितले, डिझेलचा कॉक उघडला, तेलाच्या बुधलीतून ठिकठिकाणी चार-चार थेंब सोडले. एक छोटा खटका उचलून धरला, त्याने सिलिंडरची कोंडलेली हवा मोकळी राहते आणि चाक हलके फिरते. मामूंनी एका चाकाला, चाचांच्या नातवाने दुसऱ्याला हात घातला. एक, दोन, तीन फेरे, चाक वेगात आले, आणि चाचांनी खटका सोडला. एक मोठा धक्का, काळ्या धुराचा गोळा, मग थांबल्यासारखी शांतता, आणि मग ठाक… ठाक… ठाक. इतका सावकाश की दोन ठोक्यांमध्ये बोलता येते. शेजारच्या घरातून एक आजी दारात आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. या आवाजावर एके काळी अख्ख्या गावाला कळायचे की कुणाच्या गुऱ्हाळाला आदण चढले आहे.

आमच्या मुलाने वही काढून पाटीवरचे सगळे आकडे उतरवून घेतले. चाचांनी त्याला सांगितले, “बेटा, आकडे लिही, पण आवाजही लक्षात ठेव. आवाजावरून रोग कळतो.”

गुऱ्हाळ आम्ही धावतपळत पाहिले, कारण त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. चुलवाणात चिपाड सारणारा, मोठ्या काहिलीत रस ढवळणारे, भेंडीचा चिकट रस टाकून मळी वर काढणारे, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा गुळव्या. रस कधी उतरवायचा ते तोच ठरवतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण गुळव्याला कोणी मानांकन दिलेले नाही. पोराने गरम गुळावर शेंगदाणे टाकून खाल्ले आणि तेवढ्यापुरता हार्वेस्टर विसरला.

दुपारी फडात गेलो.

एकाच पाणंदीच्या दोन बाजूंना दोन फड होते. डावीकडे टोळी तोडत होती, उजवीकडे मशीन. उसाचा हार्वेस्टर गव्हाच्या हार्वेस्टरसारखा नसतो. इथे मळायचे काही नाही. तो शेंडा उडवतो, बुडखा जमिनीलगत कापतो, उसाची वीतभर कांडकी करतो, पंख्याने पाचट उडवून देतो आणि कांडकी शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत टाकतो. कांडकी करणारी ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उसात वाढली. टॉफ्ट बंधू आणि मॅसी-फर्ग्युसन यांच्या यंत्रांनी १९६० च्या दशकात तिथे जोर धरला आणि १९७० चे दशक संपेपर्यंत तिथला जवळजवळ सगळा ऊस यंत्रावर गेला. आपल्याकडे अडचणी वेगळ्या. शेते लहान, सऱ्या अरुंद, यंत्राची किंमत कोटीच्या घरात. साडेचार-पाच फुटी सरी असेल तरच यंत्र नीट चालते. पाचट जास्त जाते म्हणून वजनात कपात होते, त्यावर शेतकऱ्यांची कुरकुर आहे. पण तोडीला माणूस मिळत नाही, म्हणून यंत्रे वाढत आहेत. मुलगा केबिनमध्ये जाऊन आला आणि त्याच्या चेहऱ्यावर ईद होती.

डावीकडच्या फडात बीड जिल्ह्यातून आलेली टोळी होती. दिवाळीच्या आसपास घर सोडायचे, मार्च-एप्रिलला परतायचे. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. या हिशेबाचे माप ‘कोयता’. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एक बाई मोळी बांधता बांधता आमच्याशी बोलली. “दोघांचा मिळून एक कोयता, ताई. एकट्याला अर्धा कोयता म्हणत्यात.” एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते, समोरचे यंत्र शंभराच्या वर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, हे तिला माहीत होते. पण खाडा पडला, आजारपण आले, तर पैसे कापले जातात तेही तिने सांगितले. याच खाड्याच्या भीतीने बीडच्या कितीतरी बायांनी ऐन तिशीत गर्भपिशवी काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. ते आम्ही तिला विचारले नाही. विचारायचा आम्हाला काय हक्क?

तिची तीन-चार वर्षांची मुलगी पाचटावर बसून उसाचे कांडे चघळत होती. आम्ही यंत्राकडे बोट दाखवून विचारले, “हे आलं की तुमचं काम जाणार. वाईट वाटतं?” तिने कोयता खाली ठेवला.

“मशीन आलं की आमचं वाढं पन जातंय,” ती म्हणाली. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते जनावरांना घालतात, उरलेले विकून चार पैसे मिळतात. मशीन त्याचा भुगा करून टाकते. “पन येऊ दे की. माझ्या पोरीनं कोयता धरू नये. आमचा पोरगा धा वर्साचा हाय, त्यो त्या मशीनवर बसंल का? त्याला शिकवनार कोन?”

रात्री सांगितलेली सात शिलिंगांची गोष्ट मामूंनी आम्हाला आठवण करून दिली, पण आम्ही ती तिथे सांगितली नाही. शिवाय त्या गोष्टीतही एक खोट आहे. न्यायमूर्तींच्या हिशेबात पुरुष कमावणार आणि बायको घर सांभाळणार असे धरले होते. इथे बायको अर्धा कोयता आहे, वर घर आहे, वर पोर आहे, आणि उचल मात्र नवऱ्याच्या नावावर. हार्वेस्टरवर जगात जाडजाड पुस्तके निघाली आहेत. त्यांत घोडे किती, अश्वशक्ती किती, चाळण्या किती हे सगळे असते. यंत्र आले तेव्हा आधीची माणसे कुठे गेली याला पानभर जागा मिळते. आम्हाला जुन्या यंत्रांचे वेड नको आहे असे नाही, आमच्या घरात ते आहेच. पण मुलाच्या वहीत आता पाटीवरच्या आकड्यांशेजारी आम्ही एक रकाना आखून दिला आहे : ‘हे काम आधी कोण करत होते, आणि त्याला काय मिळत होते.’

परत येताना चाचांच्या शेडवर पुन्हा थांबलो, चहासाठी. बोलता बोलता कळले की इंजिनाचा सौदा झाला आहे. नातवाला शेडमध्ये नवीन मशीन बसवायची आहे, जागा हवी. घेणारा इचलकरंजीचा भंगारवाला, आपलाच माणूस, भाव किलोवर. इथून ते शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाईल, तीही याच तालुक्यात. तिथल्या फाउंड्रीत फुटून, वितळून कुठल्या तरी मोटारीचा किंवा ट्रॅक्टरचा भाग होईल. ओतीव लोखंडाला आपल्याकडे ‘बीड’ म्हणतात. इंजिनाचा सांगाडा बिडाचा, चरकाचे लाट बिडाचे. मुलाने लगेच विचारले, “बीडची माणसं आणि बिडाचं लोखंड, दोन्हींना किलोवर आणि टनावरच पैसे का?” मोठ्यांपैकी कोणी बोलले नाही. चाचा बशीत चहा ओतत राहिले.

वितळवणे पाप नाही. तोफा वितळल्या म्हणून नांगर झाले. भंगाराचा धंदाही हलालीचा आहे आणि आपल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. पण एका तालुक्यात बैलाच्या चरकापासून कोटीच्या हार्वेस्टरपर्यंत सगळे टप्पे अजून चालत्या स्थितीत आहेत आणि ते चालवलेली माणसे हयात आहेत, हे फार दिवस राहणार नाही. एखाद्या शाळेने किंवा साखर कारखान्याने कोपऱ्यातली दोन गुंठे जागा दिली, पत्र्याचे छप्पर घातले आणि चाचांसारख्या एकाला आठवड्यातून एकदा पोरांना बोलवायला लावले, तर खर्च कितीसा? आम्ही दोन ठिकाणी विचारून पाहिले. एका जागी हसले, दुसऱ्या जागी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी : मिरज किंवा कोल्हापूरहून पॅसेंजरने हातकणंगल्याला उतरावे. ऊसतोड पाहायची तर मार्चच्या मध्यापर्यंत, गुऱ्हाळे थोडी पुढेही चालतात. फडात शिरण्याआधी मालकाला आणि टोळीलाही विचारावे, मोबाइल लगेच काढू नये. पोरांसाठी बिस्किटे न्यायची तर टोळीतल्या सगळ्या पोरांना पुरतील इतकी न्यावी. मिस्त्री लोक सकाळी कामात असतात, असरनंतर निवांत भेटतात.

इंजिनाचे वजन ईदनंतर होणार आहे. पितळी पाटी तेवढी चाचांनी स्क्रू काढून आमच्या मुलाच्या हातात दिली, आणि म्हणाले, “भंगारात पितळेचा भाव जास्त असतो, त्याला सांगू नको.”